अप्पांचा आवाज फळीवर

कॉम्प्युटर बिघडला म्हणून कुणी माझ्याकडे आलं की मी पहिला प्रश्न विचारते, प्लग लावलाय का? माणसांना राग येतो. आम्ही काय एवढे खुळे वाटलो का, असा चेहरा करून घरी जातात आणि तासाभराने फोन करून बारीक आवाजात सांगतात, झाला चालू. दुसरा प्रश्न, आवाजाचं बटण वर आहे का. तिसरा, एकदा बंद करून परत चालू केलात का. रत्नागिरीत बिघाड म्हणून जे काही माझ्यासमोर येतं, त्यातलं निम्मं या तीन प्रश्नांत आटपतं. उरलेल्यात मुंग्या, पाली आणि समुद्राची हवा. मी गेली बरीच वर्षं क्लास चालवते. पोरं म्हणतात, मॅडम शिकवतात चांगलं पण जिभेला हाड नाही. ती जीभ मला अप्पांकडून मिळाली. दुसरं काही त्यांनी मला दिल्याचं आठवत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. मराठी टायपिंगमध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे खरं आहे, आणि हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं की खोटं असतं तर बरं झालं असतं असं वाटायचं. कचेरीत साहेबांपुढे मान खाली घालून बसणारा हा माणूस मांडवीच्या घरी आला की त्याचा आवाज समुद्रावर जायचा. मला काळी म्हणाले, मठ्ठ म्हणाले, लग्न जमलं नाही तेव्हा तर त्यांना रोजचा विषयच मिळाला. मी शेवटी क्लासाच्या वरची खोली घेऊन वेगळी राहू लागले. भाऊ मुंबईला सटकला. राहिली आई.

आईला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. समोर असली तर ‘अगो’ आणि नसली तर ‘ही’. रोज सकाळी ती चहाचा कप पुढे ठेवायची आणि पदराला हात पुसत तिथेच उभी राहायची. ते एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, फुळकवणी. म्हणजे नुसतं पाणी, ना रंग ना चव. आईने पावडर बदलली, दूध वाढवलं, आलं घातलं, मागीलदारचा गवती चहा घातला, घातलेला काढला. उत्तर तेच. एकदा पाहुण्यांसमोर त्यांनी कप उचलून अंगणात ओतला आणि पाहुण्यांना म्हणाले, तुम्ही सरबत घ्या. त्या दिवशी मी आईला म्हटलं, उद्यापासून चहाच करू नको. ती म्हणाली, कधीतरी चांगला म्हणतील गो. तिची सगळी उमेद त्या एका कपाशी येऊन थांबली होती, आणि त्याची मला भयंकर चीड यायची.

मग अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, सगळं कळतंय, फक्त जीभ चालायची नाही. मला हसू आलं, खरं सांगते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी तोंडावर रुमाल धरला आणि त्यांना वाटलं, पोरगी रडतेय.

घर एकदम शांत झालं. आई त्यांना भरवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची, चाकाच्या खुर्चीत बसवून पुढच्या पडवीत आणायची. तिचं कंबरडं मोडत होतं. पण ती गुणगुणायला लागली होती. मी संध्याकाळी गेले की स्वयंपाकघरातून गाणं ऐकू यायचं, रेडिओबरोबर, चुकीच्या शब्दांत. माझ्या जन्मात मी ते ऐकलं नव्हतं. रेडिओ अप्पांच्या काळात फक्त बातम्यांसाठी लागायचा.

अप्पांकडे डाव्या हातात एक चमचा आणि मांडीवर एक थाळी होती. काही हवं असलं की थाळी वाजवायचे. आई धावत जायची आणि एकेक विचारायची. पाणी? पंखा? पाय दुखतात? ते मान हलवायचे, आणखी जोरात वाजवायचे, शेवटी चमचा फेकायचे. बरेचदा तो तिला लागायचा. एका संध्याकाळी ती पायरीवर बसून रडत होती. कपाळाला टेंगूळ होतं, पण ती त्यासाठी रडत नव्हती. त्यांची तगमग बघवत नाही म्हणून रडत होती. माझा हात धरून म्हणाली, “तुझ्या त्या यंत्रात काहीतरी असेल गो. त्यांना बोलतं कर.”

मी म्हटलं, विचार कर आई, आत्ता कुठे घरात शांतता आहे. तर म्हणाली, “एवढं केलंय मी त्यांचं. आता बोलायला लागले की पहिला शब्द तरी चांगला बोलतील.” मी मुंबईला फोन लावला.

भावाने नवा लॅपटॉप घेतला होता, म्हणून जुना डेस्कटॉप एका गाडीत घालून पाठवून दिला. सोबत सल्ले फुकट. त्याला कॉम्प्युटरमधलं एवढंच कळतं की बंद करून चालू करायचा असतो, आणि तेही मीच शिकवलेलं. डबा उघडला तर आत मुंबईची धूळ होती, ती मऊ ब्रशाने काढली. मेमरीच्या पट्टीचे दात खोडरबराने घासून घेतले. आमच्या हवेत हे वर्षातून दोनदा करावं लागतं, नाहीतर खाऱ्या ओलीने त्या दातांवर पापुद्रा धरतो आणि पडदा काळा राहतो. टेबल समुद्राच्या खिडकीपासून लांब घेतलं. आई लगेच प्लॅस्टिकचं कापड घेऊन आली, पावसाळा येतोय, झाकून ठेवू म्हणून. आमच्याकडे पावसाच्या आधी जे दिसेल ते प्लॅस्टिकमध्ये बांधतात आणि यंत्र आतल्या आत घामेजून मरतं. मी ते कापड परत पाठवलं. सांगितलं, झाकायचंच तर जुनं धोतर टाक, आणि पावसात रोज चालू ठेव, त्याच्या स्वतःच्या उबेनेच ते कोरडं राहतं.

अप्पांना टायपिंग येत होतं ही मोठी सोय होती. जुन्या टाइपरायटरवर अक्षरं जिथे असायची तिथेच राहतील असा कीबोर्ड लावून दिला. प्रश्न होता एका हाताचा. अर्ध्या अक्षरांना शिफ्ट दाबून ठेवून दुसरी कळ दाबावी लागते. तर शिफ्ट पाच वेळा दाबली की एक खिडकी येते, क्लासातली पोरं तिला शिव्या घालून बंद करतात. ती चालू करायची. मग शिफ्ट दाबून सोडली तरी यंत्र ती लक्षात ठेवतं आणि पुढचं अक्षर आपोआप वरचं येतं. माउसची बटणं डाव्या हातासाठी उलटी केली. अक्षरं मोठी केली. आणि लिहिलेलं वाचून दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. ओळ लिहायची, एक कळ दाबायची, की यंत्र ती ओळ मोठ्याने वाचणार. ती कळ चटकन सापडावी म्हणून आईने आपल्या पाकिटातली लाल टिकली काढून तिच्यावर चिकटवली.

स्पीकर मी स्वयंपाकघरात फळीवर ठेवले, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. लांब वायर भिंतीवरून खिळ्यांना अडकवत नेली. अप्पांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे पडवीत त्यांचा उपयोग नव्हता, आणि आई सारा दिवस आतच असते, तर तिला आतच ऐकू यावं. हे डोकं माझं. शेजारीण बघायला आली होती, ती म्हणाली, अशी मुलगी सगळ्यांना मिळो. मी ते कौतुक ऐकून घेतलं.

पहिलं वाक्य ऐकायला आईने साडी बदलली. खरंच बदलली. आत चहा ठेवला होता आणि ती फळीखाली हात पुसत उभी होती. बाहेर अप्पांचं एक बोट हळूहळू चाललं होतं. खूप वेळ लागला. मी त्यांच्या मागे उभी नव्हते, आईजवळ होते. मग फळीवरून आवाज आला. एका बाईचा, गोड, स्वच्छ, विमानतळावर सूचना देतात तसला. तो म्हणाला:

“चहा फुळकवणी असतो. किती महिने सांगायचं राहून गेलं होतं.”

आईने गॅस बारीक केला. आधी तिला वाटलं, यंत्र स्वतःच्या मनाने बोललं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. ती म्हणाली, बरं झालं हो, मन मोकळं झालं त्यांचं. आणि अर्धा चमचा पावडर जास्त टाकली.

त्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. आधी अप्पा ओरडायचे तेव्हा दमायचे तरी. घसा बसायचा, खोकला यायचा, बाहेर जायचे. आता दमायला काही नव्हतं. एक बोट आणि एक टिकली. सकाळी मांडवीला येऊन मी यंत्र सुरू करून क्लासाला जायची ते संध्याकाळपर्यंत फळीवरची ती सभ्य बाई आईला तिचं आयुष्य वाचून दाखवायची. भाजी खारट आहे. हिला अक्कल बेताची. हिच्या माहेरच्यांनी आम्हाला फसवलं. लाडू दगड झाले आहेत, जयगडच्या बंदरात टाका. एकदा मासेवाली मागच्या दाराशी टोपली उतरून बसली होती. आई बांगडे बघत होती, तेवढ्यात आतून गोड आवाज आला की हिला मासे घेता येत नाहीत, हिच्या गळ्यात कुणीही कुजके बांगडे मारतं. मासेवाली कमरेवर हात देऊन उभी राहिली. कोण ती, म्हणाली, बाहेर ये म्हणावं, कुजके कुणाला म्हणते. आईने तिला कितीदा सांगितलं की ते आमचे हे बोलतायत. ती फळीकडे बोट दाखवून म्हणाली, तुझ्या ह्यांचा आवाज मी वीस घरं सोडून ओळखते, ही दुसरी आणलीय त्यांनी. मग बरेच दिवस ती आमच्या दारात आलीच नाही, आणि अप्पांनी जेवणात मासे नाहीत म्हणून आईचा उद्धार केला.

शेजारणीचं स्वयंपाकघर आमच्या भिंतीला भिंत लावून. तिला सगळं ऐकू जायचं. ती मला रस्त्यात थांबवून हसत हसत सांगायची, आज काय काय म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडेही एक बसवून देऊ का. मग हसायची थांबली.

एका संध्याकाळी आईने मला आत बोलावलं. फळीकडे बघत म्हणाली, मला यातलं काही शिकायचं नाही, मला या वयात ते जमायचंही नाही. “तेवढा आवाज बंद कसा करायचा ते दाखव.”

क्लासात मी शंभर गोष्टी शिकवते. यापेक्षा चांगली कुठली शिकवल्याचं मला आठवत नाही. स्पीकरच्या पुढे एक गोल बटण होतं. तिला म्हटलं, गॅसच्या बटणासारखंच आहे, डावीकडे पूर्ण फिरवलंस की बंद. तिने फिरवून बघितलं. अप्पा पडवीत काहीतरी लिहीत होते, टिकलीवर बोट आपटत होते. फळी गप्प. आईने परत फिरवलं, बाईचा आवाज अर्ध्या वाक्यात सुरू झाला. परत बंद केलं. ती इतकी हसली की पदर तोंडात धरला. मीही हसले. आम्ही दोघी त्या फळीखाली दारू प्यायल्यासारख्या हसत होतो आणि बाहेर अप्पांना काही कळत नव्हतं.

मग तिचा एक शिरस्ता ठरला. सकाळी मी गेले की बटण डावीकडे. अप्पांचं पाणी, औषध, जेवण, सगळं तिला घड्याळाने पाठ होतं, त्यासाठी बाईची गरज नव्हती. संध्याकाळी मी यायच्या सुमारास बटण उजवीकडे, अप्पांना संशय नको म्हणून; मी आल्यावर यंत्र बोलायचं. गाणं परत सुरू झालं. तिच्या अंगावर थोडं मांस चढलं.

माझंही एक काम होतं. रात्रीचं जेवण झालं की निघताना मी यंत्र बंद करायची. ते विचारायचं, जे लिहिलंय ते सेव्ह करायचं का? मी ‘नाही’ दाबायची. दिवसभराचं सगळं जायचं, सकाळी अप्पांना कोरा कागद. मी एक ओळही वाचत नव्हते. अप्पांचं ऐकण्यात माझा जन्म गेला, आता वाचायचंही कुणी सांगितलंय? ‘नाही’ दाबताना मला फार बरं वाटायचं.

अप्पा मूर्ख नव्हते. थोड्याच दिवसांत त्यांनी मला सांगितलं, म्हणजे बाईने सांगितलं, की दिवसा यंत्र बोलत नाही. मी लिहितो, कळ दाबतो, ही येत नाही. तू आलीस की यंत्र बोलतं. तुझं शिक्षण फुकट गेलं. आता हा अनुभव दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाचा आहे. आपण दारात पाऊल टाकलं की यंत्र शहाण्यासारखं चालायला लागतं आणि मालक तोंडात बोट घालतो. मी अप्पांना तेच समजावलं. ते ऐकेनात. तपास म्हणाले.

तर मी तपासला. त्यांच्या देखत डबा उघडला, मेमरीची पट्टी काढली, खोडरबराने घासली, फुंकर मारली, वायर काढून घातली, कपाळाला आठ्या घातल्या. बिघाड शोधायचा तर सगळ्यात सोप्या जागेपासून सुरुवात करायची, हे मी क्लासात ओरडून सांगते. अप्पांसमोर मी सगळ्यात अवघड जागेपासून सुरुवात केली. आई दारात उभी होती, तिच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. शेवटी मी निकाल दिला की दमट हवा आहे, दिवसा वाफ धरते, पावसाळा संपेपर्यंत असंच चालणार. अप्पांनी मान हलवली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं काहीतरी मान्य केलं, आणि ते खोटं होतं. मला त्याची लाज वाटली नाही.

दिवसा यंत्र चालत नाही म्हटल्यावर त्यांनी परत थाळी काढली. पण लिहायचंही सोडलं नाही. हेडक्लार्क शेवटी. आधी लिहायचे, टिकली दाबायचे, वाट बघायचे, मग थाळी. चहा गार झाला तरी थाळी, माशी बसली तरी थाळी. आई हातातलं काम संपवून सावकाश जायची. शेजारणीनेही कान बंद करून घेतले.

श्रावणात एके दिवशी मी क्लास संपवून गेले तर पडवीत दिवा नव्हता. अप्पा टेबलापाशी खुर्चीत होते. थाळी खाली पडली होती, चमचा कुठे दिसत नव्हता. त्यांच्या खुर्चीतून माजघर ओलांडून सरळ स्वयंपाकघराचा उंबरठा दिसतो. आई तिथे आडवी होती, पाय बाहेर, डोकं आत, फळीखाली. कपाचे तुकडे आणि चहा. चहा वाळून चिकट झाला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. तिचे डोळे उघडे होते. श्वास चालू होता. तोंड वाकडं झालं होतं. मला ते तोंड ओळखीचं वाटलं, अप्पांचंही असंच झालं होतं.

शेजारीण धावत आली, माणसं आली, गाडी आली. आईला उचलून नेत असताना माझी नजर पडद्यावर गेली. दिवसभराचं लिहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. वर एकच शब्द होता, चहा. त्याच्या खाली, काय सांडलं. त्याच्या खाली, ऊठ. मग, अगो ऊठ. आणि मग पडदा भरून एकच ओळ, खाली खाली, चुका वाढत गेलेल्या:

“कोणीतरी या. ही पडली आहे.”

अप्पांनी डावा हात माझ्यापुढे धरला होता. तर्जनीला लाल टिकली चिकटली होती. दाबून दाबून ती कळीवरून निघून आली होती.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. डॉक्टरांनी विचारलं, केव्हा पडल्या. मी म्हटलं, दुपारच्या चहाला. ते म्हणाले, लगेच आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं. शेजारीण रडत होती. म्हणाली, थाळी वाजत होती हो, पुष्कळ वेळ वाजत होती, पण ती रोजच वाजते. फळीवरचे स्पीकर तिच्या भिंतीपासून हातभर अंतरावर होते. बटण उजवीकडे असतं तर तिने सगळं ऐकलं असतं, नेहमी ऐकायची तसंच.

भाऊ मुंबईहून आला आणि त्याने विचारलं की यंत्र असून आवाज का गेला नाही. तू चेक केलं नव्हतंस? मी म्हटलं, दमट हवा. त्याने मान हलवली आणि म्हणाला, बंद करून चालू करायला हवा होता. मला त्या वेळी त्याचा गळा धरावासा वाटला. यंत्र अजून चालूच होतं. मी ते बंद करायला गेले, यंत्राने विचारलं, सेव्ह करायचं का, आणि सवयीने माझं बोट ‘नाही’वर गेलं.

तेराव्यानंतर भाऊ गेला. अप्पांना बघायला कुणी नव्हतं, म्हणून मी खोली सोडून मांडवीला राहायला आले. माणसं म्हणाली, केवढी माया बापावर. मी पाकिटातली नवी टिकली काढून त्या कळीवर लावली. आईच्या पाकिटात अजून बऱ्याच शिल्लक आहेत. यंत्र सुरू केलं. अप्पांना चहा दिला आणि आत येऊन फळीखाली उभी राहिले. बटण उजवीकडे फिरवलं. मला वाटलं, बघू आता काय म्हणतात. तिच्यासाठी एखादं वाक्य तरी निघेल. मी मनाशी ठरवलं होतं, काही चांगलं निघालं तर त्यांना सगळं माफ करीन.

बाईचा आवाज आला. तोच, गोड.

“तुझ्या आईसारखा चहा तुला जमत नाही.”

मी तशीच बाहेर गेले. त्यांच्या कानाशी वाकून ओरडून म्हटलं, “तिच्या चहाला जन्मभर फुळकवणी म्हणालात. चांगला आहे हे तिला एकदा सांगता आलं नाही?”

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून लिहायला लागले. मी तिथेच उभी राहिले, पण पडद्याकडे पाहिलं नाही, मला वाटलं, आता शिव्या येतील. एक बोट, शिफ्टचा टुक आवाज, परत बोट. मग त्यांनी टिकली दाबली आणि आतून, रिकाम्या स्वयंपाकघरातून आवाज आला:

“सांगितलं होतं. बरेचदा लिहिलं. ही आलीच नाही. यंत्र बिघडलेलं होतं.”

अप्पा खोटं बोलत असतील. बोलतातच ते. कचेरीत कुणावर तरी ढकलायची सवय असते, तसं यंत्रावर ढकललं असेल. यंत्र कधी बिघडलंच नव्हतं, हे त्या घरात ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे. त्यांना मी ते सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते विचारतील, मग मी लिहिलेलं कुठे आहे.

मी त्यांना नंतरही विचारलं आहे, नक्की काय लिहिलं होतंत, कोणत्या शब्दांत, परत लिहा. ते लिहितात, चहा आण.

क्लासात मी आता प्लगच्याही आधी सांगते की यंत्राने विचारलं, सेव्ह करायचं का, तर वाचल्याशिवाय ‘नाही’ म्हणू नका. पोरं मान हलवतात. घरी आल्यावर मी अप्पांच्या मागे उभी राहून दिवसभराची प्रत्येक ओळ वाचते आणि मग ‘हो’ दाबते. रोजची एक फाइल, ओळीने ठेवलेली. आत्तापर्यंत त्यात माझ्या चहाशिवाय काही नाही.